सूचना : पार्लरचे कागद, इंजेक्शन आणि दंड

सर्व सभासद ताईंना नमस्कार,

लग्नसराई तोंडावर आली, त्याआधी कागद तपासा. भिंतीवर फ्रेम करून लावलेलं कोर्सचं सर्टिफिकेट म्हणजे परवाना नव्हे. दहापेक्षा कमी कामगार असले तरी शॉप ॲक्टची (दुकाने व आस्थापना कायद्याची) ऑनलाइन सूचना पार्लर सुरू केल्यापासून 60 दिवसांत द्यावी लागते. जुळे सोलापुरात घराच्या पुढच्या खोलीत पार्लर चालवणाऱ्यांनीही मनावर घ्या.

खरी भीती वेगळीच आहे. गोरेपणासाठीचं ग्लुटाथायोनचं इंजेक्शन, सुरकुत्या घालवणारं बोटॉक्स, ओठ-गाल भरणारं फिलर ही सुईची कामं डॉक्टरांची, आपली नव्हेत. 'नवरीच मागे लागली होती' हे कुणी ऐकून घेणार नाही. नोंदणीशिवाय डॉक्टरकी केल्यास राष्ट्रीय वैद्यक आयोग कायदा, 2019 नुसार एक वर्षापर्यंत कैद, 5 लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

गोरं करणारं क्रीम घेताना डबी उलटून बघा : उत्पादकाचं नाव-पत्ता, बॅच नंबर, परवाना क्रमांक, मुदत. यातलं काही नसेल तर स्वस्त असलं तरी नको. बनावट किंवा भेसळीचं सौंदर्यप्रसाधन विकल्यास 1940 च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्यानुसार तीन वर्षांपर्यंत कैद आणि किमान 50 हजार दंड आहे.

पुढच्या बैठकीला शॉप ॲक्टच्या पावतीची झेरॉक्स आणा. ज्यांनी अजून काढली नाही त्यांनी आधार-पॅन घेऊन या, तिथेच फॉर्म भरू.

– सचिव