गृहमंत्री महोदय, माझ्या काउंटरवर पिस्तूल ठेवायचा परवाना कोणी दिला?

मा. गृहमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

सप्रेम नमस्कार.

मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी सराफी दुकान चालवते. आपल्या कामाचा व्याप मोठा आहे हे मला कळतं. पण खालपासून वरपर्यंत अर्ज देऊन झाले, म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे.

गेल्या आठवड्यात भर दुपारी एक गृहस्थ चौघांना घेऊन दुकानात आले. लग्नासाठी गंठण दाखवा म्हणाले. मी ट्रे काढला. घडणावळीवर बोलणं आलं, तसं त्यांनी कमरेचं पिस्तूल काढून काउंटरच्या काचेवर, काट्याच्या शेजारी ठेवलं. "बसताना टोचतं," म्हणाले. नळी आमच्या कारागिराच्या पोटाकडे होती. नातीचे कान टोचायला आलेल्या एक आजी बाजूला बसल्या होत्या. त्यांनी पोरीला कडेवर घेतलं आणि चपला न घालता रस्त्यावर गेल्या. कारागीर हात मांडीखाली धरून बसून राहिला. घडणावळ अर्थातच सोडावी लागली, आणि निम्मे पैसे पाडव्याला देतो असं ठरलं. ठरवलं त्यांनीच.

पोलीस ठाण्यात गेले. "धमकी दिली का? रोखलं का तुमच्यावर? नाही ना? मग ताई, त्यांच्याकडे परवाना आहे." तक्रार राहू दे, साधी नोंदसुद्धा झाली नाही.

परवाना आहे म्हणजे काय, महोदय? आपल्याच देशाचे 2016 चे शस्त्र नियम मी वाचलेत. पिस्तूल असेल तर ते होल्स्टरमध्ये हवं, पूर्ण झाकलेलं हवं, बाळगणाऱ्याच्या ताब्यात हवं. सार्वजनिक ठिकाणी ते मिरवलं तर परवाना जाऊ शकतो. हे सगळं राजपत्रात छापलेलं आहे. माझ्या गावच्या ठाण्यात ते कोणाला ठाऊक नाही, किंवा ठाऊक असून त्या गृहस्थांना सांगायची हिंमत नाही. दोन्हींपैकी काय खरं आहे ते तुम्हीच शोधा.

आता माझं ऐका. तीन वर्षांपूर्वी दुकान बंद करून घरी येताना ह्यांच्यावर हल्ला झाला. पिशवी गेली आणि कोयत्याच्या घावाने उजव्या हाताची दोन बोटं गेली. ज्या माणसाने आयुष्यभर जाळीचं नाजूक काम केलं, त्याला आता शर्टाचं बटण लावता येत नाही. मुद्देमाल मिळाला नाही. जे पकडले ते जामिनावर फिरतायत, त्यातला एक बाजारात दिसतो आणि मान डोलावतो. मुलगा पुण्यात नोकरी करतो, या धंद्यात पाय ठेवणार नाही म्हणतो. त्याला मी काय तोंडाने बोलवू? संध्याकाळी शटर ओढताना माझी पाठ रस्त्याकडे असते, तेवढा वेळ श्वास घ्यायचं सुचत नाही. तुमच्या मागेपुढे गाड्या असतात. माझ्यामागे अंधार असतो.

त्या हल्ल्यानंतर तुमच्याच खात्याच्या अधिकाऱ्यांनी सराफांची बैठक घेतली होती. कॅमेरे बसवा, आम्ही बसवले, स्वतःच्या पैशाने. सायंकाळची गस्त सुरू करू, ती दिवाळीपर्यंत टिकली. स्वसंरक्षणासाठी परवाना हवा असेल त्यांनी अर्ज करा, प्राधान्याने बघू, आणि हत्यार हाताळायचं शिबिरही घेऊ, असं माईकवरून सांगितलं. मी अर्ज केला. नियम म्हणतो, पोलिसांनी 30 दिवसांत अहवाल द्यावा आणि तो मिळाल्यावर 60 दिवसांत निर्णय व्हावा. माझी फाइल वर्ष उलटून परत आली. कारण एका ओळीचं: शस्त्र सुरक्षा प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र जोडलेलं नाही. नाकारायचं तर नाकारा, कायद्याप्रमाणे तशी कारणं लेखी द्या, म्हणजे मला विभागीय आयुक्तांकडे अपील तरी करता येईल. हे नाकारणंही नव्हतं, नुसती परत पाठवणी.

प्रमाणपत्र मागता ते योग्यच आहे. उलट मी म्हणते, त्याशिवाय कोणाच्या हातात काडतूसही देऊ नका. पण प्रशिक्षण घ्यायचं कुठे? टेबलावरच्या साहेबांनी सांगितलं, "ते तुम्ही बघा." आमच्या जिल्ह्यात सोय नाही. एका दुकानातून निरोप आला की पैसे द्या, कागद दोन दिवसांत घरपोच, नेमबाजीच्या रेंजवर यायचीही गरज नाही. मी तो घेतला नाही. किती जणांनी घेतला असेल, याची चौकशी करण्यासारखी आहे.

शेजारच्या जिल्ह्यातल्या एका रायफल क्लबात गेले. तिथले सर भले माणूस. पोरांना दहा मीटर एअर रायफल शिकवतात. त्यांनी मला स्वच्छ सांगितलं: "मी स्पर्धेचा नेम शिकवतो. तुम्ही विचारताय ते वेगळं आहे." खरंच वेगळं आहे. माझं दुकान दहा बाय बारा. समोर गिऱ्हाईक, त्याच्यामागे रस्ता, रस्त्याला शाळा सुटलेली. तिथे सुटलेली गोळी चोराला लागून थांबते का? काचेला लागली तर कुठे वळते? हत्यार कधी काढायचं, त्याहून महत्त्वाचं म्हणजे कधी काढायचंच नाही, चेंबर, म्हणजे गोळी बसते ती जागा, रिकामं आहे हे कसं बघायचं, घरात नातवंडं असतील तर कुठे ठेवायचं, भारतीय न्याय संहितेच्या 34 ते 44 कलमांत स्वसंरक्षणाची हद्द कुठे संपते, हे कोणीतरी शिकवायला हवं की नको? ज्या राज्याच्या तेजस्विनी सावंत नेमबाजीत विश्वविजेत्या झाल्या, ज्या राज्याच्या स्वप्नील कुसाळेने 2024 ला पॅरिसहून ऑलिम्पिक पदक आणलं, त्या राज्यातल्या बाईने सुरक्षा शिकायला मुंबईत वरळीच्या नाहीतर पुण्यात बालेवाडीच्या रेंजवर जायचं?

आणि ज्यांना परवाने मिळाले, त्यांनी हे कुठे शिकलं? डिसेंबर 2024 ला मस्साजोगच्या सरपंचांची हत्या झाली, मग बीड जिल्ह्यात हजार-बाराशे परवाने असल्याचं बाहेर आलं आणि रद्द करायची धावपळ सुरू झाली. तोपर्यंत दिले कोणी? फेब्रुवारी 2024 मध्ये उल्हासनगरला पोलीस ठाण्यातच, वरिष्ठ निरीक्षकांच्या केबिनमध्ये, सत्तेतल्या आमदाराने गोळ्या झाडल्या. अख्ख्या देशाने सीसीटीव्हीत ते पाहिलं. आठवडा जातो न जातो तोच दहिसरला फेसबुक लाइव्ह चालू असताना माजी नगरसेवकाचा जीव गेला, आणि हत्यार होतं अंगरक्षकाच्या परवान्यावरचं. ही दोन्ही हत्यारं परवान्यावरची. निवडणूक आली की आमच्या पेठेतल्या सत्तरीच्या काकांना बारा बोअरची बंदूक जमा करायला रांगेत उभं करतात. ज्यांच्या गाडीच्या डॅशबोर्डवर पिस्तूल असतं, ते त्या रांगेत मला कधी दिसले नाहीत. 2019 च्या दुरुस्तीने परवान्याची मुदत 3 वरून 5 वर्षं झाली. म्हणजे आता पाच वर्षं त्यांना विचारणारं कोणी नाही.

या राज्यात नियम फक्त अर्ज करणाऱ्याला लागू आहेत. शिफारस असणाऱ्याला नाहीत. सातबारा असो, रेशनकार्ड असो नाहीतर पिस्तूल असो, खिडकी एकच आणि रांगा दोन. माझ्या नवऱ्याची बोटं गेली, ती चुकीच्या रांगेत उभ्या असलेल्या माणसाची बोटं होती, म्हणून त्यांची किंमत शून्य.

पोलिसांची सरावाची मैदानं जिल्ह्याजिल्ह्यात आहेत. महिन्यातले दोन रविवार ती अर्जदारांसाठी उघडा. फी घ्या, आम्ही देऊ. शिकवणारा पोलीस दलातला निवृत्त उस्ताद ठेवा. जे नापास होतील त्यांना परवाना देऊ नका, त्यात मी असले तरी. आणि आधीच परवाने घेऊन बसलेल्या प्रत्येकाला त्याच मैदानावर बोलवा, नेत्याच्या भाच्यालासुद्धा.

माझा भाचा टेक्ससमध्ये असतो. तिथे 2021 पासून बहुतेक प्रौढांना बिनपरवाना पिस्तूल बाळगता येतं. तरीही दुकानदार दारावर इंग्रजी आणि स्पॅनिशमध्ये, एक इंच उंच अक्षरांत पाटी लावू शकतो की शस्त्र आत आणू नका, आणि ती डावलून आत गेलं तर गुन्हा होतो. बंदुकांच्या त्या मुलखात दुकानदाराच्या शब्दामागे कायदा उभा राहतो. इथे माझ्यामागे कोण आहे?

सोमवारी मी दुकानाच्या दारावर मराठीत पाटी लावते आहे: परवाना असला तरी शस्त्र घेऊन आत येऊ नये. कोणी ती न जुमानता आला तर मी 112 ला फोन करीन. जो शिपाई येईल त्याने त्या माणसाला बाहेर काढायचं की मला गप्प बसवायचं, हे आमच्या ठाण्याला सोमवारच्या आत लेखी कळवा, आणि त्याची प्रत मला पाठवा.

आपली,
मराठवाड्यातील एक सराफ