कच्चं काम

कराड,
२० जानेवारी

चि. मुक्ता हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तू गेल्यावर डबा ओट्यावरच राहिलेला दिसला. पहाटेची एसटी, एवढी थंडी आणि पोटात काही नाही. मी फाटकापर्यंत आले होते, तू वळून बघितलं नाहीस. फोनवर पुन्हा तेच व्हायचं, म्हणून लिहायला बसले.

शेचाळीस मार्कांबद्दल मला काही म्हणायचं नाही. पास व्हायला पन्नास लागतात, चार कमी पडले. एसीसीएची, म्हणजे तुझ्या त्या ब्रिटिश अकाउंटन्सीच्या कोर्सची, परीक्षा वर्षातून चार वेळा होते, मार्च आलाच. मला लागलं ते वेगळंच. निकाल संक्रांतीच्या तोंडावर लागला. तू घरातच होतीस. आप्पांना तिळगूळ दिलास, हळदीकुंकवाला माझ्या बरोबरीने राबलीस, आणि मला कळलं ते विन्याकडून, तेही चार दिवसांनी. म्हणून तोंडातून गेलं, "सीए केलं असतंस तर निदान हाताने पेपर लिहिला असतास." ते बोलायला नको होतं. विन्या सीएचे पेपर हातानेच लिहितो, दोनदा अडकलाच ना.

रविवारी त्याला लॅपटॉप घेऊन बसवलं आणि तुझ्या एफआरचा, म्हणजे फायनान्शियल रिपोर्टिंगचा, नमुना पेपर उघडायला लावला. एकूण तीन तास. पहिले साठ मार्क पर्याय निवडायचे नाहीतर आकडा भरायचा. तिथे बरोबर की चूक एवढाच हिशेब. शेवटचे दोन प्रश्न वीस-वीस मार्कांचे, ते मात्र माणूस तपासतो. तिथे एक्सेलसारखा तक्ता येतो. मी गुडविलच्या, म्हणजे कंपनी घेताना तिच्या निव्वळ मालमत्तेच्या वर मोजलेल्या रकमेच्या, चौकटीत नुसता आकडा टाकला. तिच्यावर क्लिक केलं तर वरच्या पट्टीत तोच आकडा. मग विन्याने बरोबरचं चिन्ह (=) टाकून सगळं गणित त्याच चौकटीत केलं. आता क्लिक केलं तर कंपनी घ्यायला किती दिले, बाकीच्या भागधारकांचा वाटा किती मिळवला, निव्वळ मालमत्ता किती वजा केली, सगळं वर ओळीने दिसलं. तपासणाऱ्यालाही ते दिसतं म्हणे. गुडविल चुकलं तरी पुढची रीत बरोबर असली तर रीतीचे मार्क मिळतात. पण रीत दिसायला तर हवी. तू कॅल्क्युलेटरवर करून फक्त उत्तर टाकलंस, असं त्याला म्हणालीस ना? आणि सेंटरवर दिलेल्या कच्च्या कागदावर जे केलंस ते तपासायला जातच नाही.

चौथीतही तुझं हेच होतं. भागाकाराची उत्तरं अचूक, कच्चं काम कुठेच नाही. बाईंनी शून्य दिलं तर दोन दिवस घरी सांगितलं नाहीस. दप्तरात वही सापडली ती बाबांना. ते रागावले नाहीत. रात्री तुला मांडीवर घेऊन पाटीवर एकेक पायरी करून घेत बसले होते. मला ते आता राहून राहून आठवतं.

संगणकाला मी नावं ठेवते असं तू म्हणालीस, ते खरं नाही गं. आमच्या पतसंस्थेत संगणक आला तेव्हा सहा महिने दोन्ही चालवलं. दिवसभर कीर्द, खतावणी हाताने लिहायची आणि संध्याकाळी तीच व्हाउचरं संगणकात भरायची. तू टेबलाखाली हिशेबाच्या मशीनच्या कागदाच्या गुंडाळ्या उलगडत बसायचीस. एका महिन्यात दोन्हींची तेरीज, म्हणजे सगळ्या खात्यांच्या शिलकांची यादी, जुळेना, २७० रुपयांचा फरक. काकडेकाका म्हणाले, फरक नऊने भागला जातोय, म्हणजे कुठेतरी आकड्यांची अदलाबदल झालीय. रात्री साडेनऊला सापडलं. व्हाउचर ४,६३० चं आणि लिहिलं होतं ४,३६०. चूक संगणकात नव्हती, माझ्या हाताची होती, माझ्याच अक्षरात. मला रडू आलं. घरी येऊन बाबांना लगेच सांगितलं, तेव्हा कुठे जेवण गेलं. तुझ्यासारखं चार दिवस पोटात ठेवणं मला जमलंच नसतं.

पुन्हा तिथेच आले बघ. लिहायचं नाही असं ठरवून बसले होते.

अमेरिकेतल्या सीपीएचे, म्हणजे तिथल्या सीएचे, पेपर २००४ पासूनच संगणकावर होतात, हे विन्याने सांगितलं. तुमच्याकडेही आता सगळं तसंच. जग त्या बाजूला चाललंय आणि तू आपल्या पगारातून फी भरून त्यात उतरलीस, हे मी पतसंस्थेत चौघींना सांगून झालंय. कुलकर्णीबाईंनी विचारलं, पेन न धरता हिशेबाची परीक्षा देतात? मी त्यांना पाच मिनिटं समजावलं. सांगताना छाती भरून आली होती. तेव्हाही निकाल मला ठाऊक नव्हता.

रोज तासभर त्या सरावाच्या तक्त्यावरच सोडव, वहीत नको. सूत्र चौकटीतच लिही. प्रश्नातले आकडे कॉपी करून घेता येत असतील तर घे, हाताने टाईप करताना अदलाबदल होते. एका मार्काला पावणेदोन मिनिटांच्या वर घालवू नकोस. रात्री जागू नकोस, डोळ्यांना... असो. हे सगळं तुझ्या सरांनी सांगितलंच असेल. सव्वीस वर्षं आकडे मोडलेत, म्हणून शिकवायला जाते. राग मानू नकोस.

फक्त एवढं सांग, निकाल बघितलास तेव्हा कुठे होतीस? माझ्या घरात, माझ्या शेजारच्या खोलीत, एकटीच बघितलास का? मी पलीकडे तीळ भाजत होते आणि मला काही कळलं नाही.

शनिवारी सुनीतामावशी पुण्याला येतेय. तिच्याबरोबर वड्या, शेंगदाण्याची चटणी आणि तुझा राहिलेला निळा स्वेटर पाठवते. मार्चचा फॉर्म भरलास की तारीख कळव, आप्पा सारखे विचारतात. आणि फोन केलास की "बरी आहे" म्हणून ठेवून देऊ नकोस. काय जेवलीस, किती झोपलीस, तेही सांग.

तुझी,
आई

ता. क. ताळेबंद जुळेना तर फरक आधी नऊने भागून बघ. संगणकावरही चालतं ते.