हरिहरेश्वर फेरी : सदस्यांसाठी आठवण

येत्या पौर्णिमेला आपण हरिहरेश्वरला फोटो काढायला जातोय. दिवस मुद्दाम निवडलाय. कोळ्यांचा हिशोब सोपा : तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. १५ ची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे ओहोटी साडेपाचच्या सुमारास, सूर्यास्ताच्या जरा आधी. उधाणाचे, म्हणजे मोठ्या भरती-ओहोटीचे दिवस असल्याने पाणीही बरंच मागे जातं.

देवळाच्या, ओहोटीतच चालता येणाऱ्या प्रदक्षिणा मार्गावरच्या कातळाला लाटांनी आणि खाऱ्या वाऱ्याने जाळी पाडली आहे. गेल्या वेळी निम्म्या लोकांनी त्याकडे पाठ करून फक्त सूर्य टिपला! यंदा वाइड लेन्स गुडघ्याच्या उंचीवर आणा, जाळी अगदी पुढे घ्या, क्षितिज वरच्या तिसऱ्या भागात ठेवा. लाट परतताना अर्धा सेकंद शटर दिलं की फेसाच्या रेघा नजर आत ओढून नेतात.

मॅक्रोवाल्यांनी (बारीक गोष्टी अगदी जवळून टिपणाऱ्यांनी) आधी वाळूवर रेंगाळावं. चिमुकले खेकडे बिळाभोवती वाळूच्या गोळ्यांची नक्षी मांडतात. पोटावर झोपा, हलू नका. दोन-तीन मिनिटांत खेकडा बाहेर येतोच. तिरपं ऊन असेपर्यंतच प्रत्येक गोळीची सावली मिळते.

शेवाळलेल्या खडकावर पाय ठेवू नका. तिथे माणसं वाहून गेली आहेत. सूर्य बुडाला की मार्ग सोडायचा, "एकच फ्रेम" चालणार नाही. लेन्स वाळूत बदलू नका. ट्रायपॉड घरी गेल्यावर गोड्या पाण्याने धुवा.