किती वारा चालेल?

पुणे
२ फेब्रुवारी

प्रिय दत्ता,
सप्रेम नमस्कार.

तुझा फोन आला तेव्हा मी गाडीवर होतो, त्यामुळे धड बोलता आलं नाही. "किती वारा असला की विमान उडवायचं नाही, एकच आकडा सांग," असं तू म्हणालास. घे आकडा. तुझं विमान रिमोटवर उडणारं, फोमचं, पंख वर असलेलं, पंखाच्या एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत १४०० मिलीमीटरचं आणि बॅटरीसकट किलोभर वजनाचं. नवीन हाताला ताशी १२ किलोमीटरपर्यंत बिनधास्त, १५ पर्यंत जपून. त्याच्या वर गेला तर डबा बंद ठेवायचा. पण हा आकडा तू मोबाइलवर बघणार, आणि घोटाळा तिथंच आहे.

हवामानवाले वारा मोजतात तो मोकळ्या जागी, जमिनीपासून १० मीटर उंचीवर, आणि सांगतात ती काही मिनिटांची सरासरी. ॲपमधला अंदाजही त्याच उंचीचा. शिवाय तो कित्येक किलोमीटर लांबीरुंदीच्या चौकोनाला मिळून एकच. त्या एका चौकोनात तुझं पाटणचं रानही येतं आणि वरचा सडाही, म्हणजे डोंगरमाथ्याचं पठार, जो तुझ्यापेक्षा पाचशे-सहाशे मीटर उंच आहे. तुझ्या बांधावरची निलगिरी त्या ॲपला कुठून दिसणार? तेव्हा ॲप बघायचं ते निघायचं की नाही एवढं ठरवायला. उडवायचं की नाही हे रानात उभं राहूनच ठरतं.

आणि ॲप बघशील तेव्हा मोठ्या अक्षरांतल्या आकड्याखाली 'गस्ट' म्हणून दुसरा आकडा असतो, तो आधी बघ. झोताचा आकडा तो. सलग १८ चा वारा असेल तर मी आनंदाने उडवतो. सरासरी १० आणि मधूनच २५ चा झोत असा दिवस असला तर मी मैदानावर जातो, गप्पा मारतो आणि परत येतो. कारण सांगतो. तुझं विमान ताशी साधारण २६-२७ ला स्टॉल होतं, म्हणजे त्याहून हळू गेलं की पंख त्याला पेलत नाहीत. उतरताना तू ते ३५ ने आणतोयस असं धर. समोरचा वारा एकदम दहाने पडला, तर किलोभराचं विमान जमिनीवरचा आपला वेग लगेच वाढवू शकत नाही, पण पंखावरून जाणारी हवा ३५ ची २५ होते. उचल, म्हणजे विमानाला वर धरणारा जोर, वेगाच्या वर्गावर चालते, म्हणजे ती जवळजवळ निम्म्यावर येते. दोन मीटर उंचीवर असं झालं की सावरायला जागाच नसते. उलट झोत आला तर विमान उगाच उसळतं, आपण घाबरून नाक खाली दाबतो, आणि तेवढ्यात झोत ओसरतो. वाऱ्याने विमान पडलं असं लोक म्हणतात ते बहुतेक वेळा वाऱ्याच्या या चढउतारानं पडलेलं असतं.

म्हणून रानात पोचल्यावर विमान गाडीतच राहू दे. पंधरा मिनिटं नुसता उभा राहा. काठीला फूटभर हलकी रिबन बांध आणि ती काठी माणसाच्या उंचीपेक्षा वर येईल अशी रोव. मग वाऱ्याकडे तोंड कर आणि दोन्ही कानांत वाऱ्याचा आवाज सारखा येईपर्यंत मान थोडी थोडी वळव. आवाज सारखा झाला की नाकासमोर वाऱ्याची नेमकी दिशा. हे रिबनपेक्षा अचूक निघतं, करून बघ. वेगाचं म्हणशील तर ब्युफोर्ट नावाच्या ब्रिटिश आरमारी अधिकाऱ्याने १८०५ साली एक मापपट्टी केली. ती मुळात जहाजांसाठी होती, झाडापानांच्या खुणा तिला पुढे जोडल्या गेल्या. त्यातल्या तुझ्या कामाच्या तीनच. तोंडाला वारा लागतो, पानं सळसळतात, पण फांद्या हलत नाहीत, तोवर ताशी ६ ते ११. पानं आणि बारीक डहाळ्या सारख्या हलतायत आणि हलका झेंडा पसरलाय, म्हणजे १२ ते १९. धूळ आणि कागद उडू लागले, लहान फांद्या हलू लागल्या, की २० ते २८. धूळ उठली की तुझ्या सईला सांगायचं, आज नाही. हातात धरायचं वारामापक यंत्र मिळतं, माझ्याकडेही आहे, पण ते छातीच्या उंचीचा वारा सांगतं. मोकळ्या रानात ३० मीटरवर साधारण त्याच्या दीडपट असतो.

वरचा वारा ओळखायला तुझ्यासारखं नशीब आमचं नाही. तुला दोन गोष्टी फुकट मिळाल्यात. एक म्हणजे गुऱ्हाळाचा धूर. तो सरळ वर जाऊन ज्या उंचीवर वाकतो तिथून वरचा वारा सुरू झाला असं समज. किती तिरका होतो आणि तुटक होतो का, तेही बघ. तुटून गोळ्यागोळ्यांनी पळणारा धूर म्हणजे वर खडबडीत हवा. दुसरी गोष्ट सड्यावरच्या पवनचक्क्या. पवनचक्की साधारण ताशी ११ ते १४ किलोमीटर वाऱ्याला फिरायला लागते आणि तिचं तोंड वारा येतो त्या बाजूला असतं. (एखादी बंद दिसली म्हणून वारा नाही असं धरू नकोस, दुरुस्तीला काढलेलीही असू शकते. चार-पाच मिळून बघ.)

आता हिवाळ्यातली तुझी नेहमीची सकाळ घे. साडेसात वाजलेत, खाली पान हलत नाही, कोयनेवर धुकं आहे, आणि वर सगळ्या पवनचक्क्या गरगर फिरतायत. रात्री थंड झालेली जड हवा खोऱ्यात साचून बसते आणि वरचा वारा तिच्या डोक्यावरून जात राहतो. ऊन तापलं की खालची हवा वर जायला लागते आणि वरचा वारा खाली उतरतो. दहा-अकराच्या सुमाराला "वारं सुटलं" असं तुम्ही म्हणता ना, तो आलेला नसतो, उतरलेला असतो. म्हणून सकाळी पवनचक्क्या फिरताना दिसल्या तर दोन बॅटऱ्या आटपून नऊपर्यंत घरी. त्या थांबलेल्या असतील तर अकरापर्यंत खेळा.

आणि हे माझ्यापेक्षा आबांना विचार. त्यांनी आयुष्यभर खळ्यावर उफणणी केलीय. कुठल्या महिन्यात किती वाजता वारं धरतं, कुठल्या बाजूने येतं, कधी दगा देतं, हे तुमच्या रानापुरतं त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नसणार. हेळवाकला कोयना पूर्वेला वळते, तिथून कराडपर्यंत खोरं पूर्व-पश्चिम आहे, त्यामुळे पश्चिमेचं वारं त्या खोऱ्यातून रेटून येतं एवढं मी नकाशावरून सांगू शकतो. बाकीचं आबा.

तुझ्या रानाचा खरा प्रश्न निलगिरीची रांग. झाडं बारा मीटरची असतील, तर त्यांच्या आडोशाला खवळलेली हवा उंचीच्या दहा ते वीस पट अंतरापर्यंत राहते, म्हणजे १२० ते २४० मीटर. पश्चिमेचं वारं असलं की तुझं अख्खं रान त्यात येतं. वर विमान मजेत असतं, आणि उतरायला पश्चिमेकडे तोंड करून येतोस तसं झाडांच्या उंचीखाली आल्याबरोबर पंख डावी-उजवी हलायला लागतात. रिमोट बिघडला असं तुला वाटलं, ते हेच असणार. आडोसा आहे म्हणजे शांत आहे, असं आपल्याला उभं राहून वाटतं, विमानासाठी तीच जागा सगळ्यात वाईट. तीन मीटर उंचीच्या उसाचाही तसाच त्रास, फक्त लहान टापूत. पूर्वेचं वारं असताना हे रान उत्तम. पश्चिमेचं असलं तर झाडांच्या पलीकडचं पडीक बघ.

डोंगराच्या कडेला मात्र हा हिशेब वेगळा होतो. सडावाघापूरचा उलटा धबधबा पावसाळ्यात आपण बघितलाय. वारा कड्यावर आदळून वर चढतो, तोच पाण्याला घेऊन येतो. बिनइंजिनाची ग्लायडर कड्यावर तासन् तास उडवतात ती याच वाऱ्यावर. वारा जास्त असेल तर ती मंडळी विमानाच्या पोटात शिसं घालून वजन वाढवतात, कारण जड विमान जास्त वेगाने उडतं आणि वाऱ्याला कमी दाद देतं. पण कड्याच्या मागच्या अंगाला तोच वारा खाली कोसळतो. सईने सड्यावर जायचा हट्ट धरलाय, त्याला इतक्यात होकार देऊ नकोस.

आता ज्यावर माझी इथल्या जुन्या मंडळींशी कायम हुज्जत होते ते. ते सांगतात, वारा मागून लागला की उचल जाते, म्हणून वाऱ्याकडे पाठ करून वळताना विमान पडतं. हे पटवून घेऊ नकोस. कोयनेच्या सलग धारेत पोहणाऱ्याला, धारेबरोबर पोहलं काय आणि धारेविरुद्ध पोहलं काय, अंगाला लागणारं पाणी तेवढंच. फरक पडतो तो काठावरच्यांना. तसं विमान हवेत ४० ने उडतंय आणि सलग वारा २० चा आहे, तर वाऱ्याविरुद्ध ते जमिनीवरून २० ने सरकताना दिसतं आणि वाऱ्याबरोबर ६० ने. पंखाला दोन्हीकडे ४० च. पण काठावर आपण उभे असतो. साठने पळणारं विमान बघून हात आपोआप थ्रॉटल, म्हणजे मोटारचा जोर, कमी करतो, शिवाय एलेव्हेटर (नाक वर-खाली करणारी शेपटीची फळी) ओढतो, आणि ४० ची २६ होते. उचल वाऱ्याने नाही गेली, आपण घालवली. झोताच्या वाऱ्यात आणि अगदी जमिनीलगत जुन्या मंडळींचं थोडं खरं आहे, हे मी त्यांना मात्र कबूल करत नाही.

तेव्हा वाऱ्याच्या दिवशी थ्रॉटल डोळ्यांनी नाही, मोटारच्या आवाजाने ठरव. वळताना विमान वाऱ्याबरोबर कितीही सुसाट दिसलं तरी थ्रॉटल आहे तिथंच ठेव. आणि विमान कायम आपल्या पुढे, वारा येतो त्या बाजूला ठेवायचं. गोल गोल फिरवत बसलास तर प्रत्येक फेरीला ते वाऱ्याबरोबर थोडं मागे सरकतं. डोक्यावरून मागे गेलं की परत यायला वाऱ्याशी भांडत यावं लागतं, तेही संपत आलेल्या बॅटरीवर आणि लहान होत चाललेलं, कुठल्या बाजूला वळलंय ते कळत नसताना.

उतरतानाही दीडपटीचा तो हिशेब लक्षात ठेव. वर २० चा समोरचा वारा, खाली तुझ्यापाशी १२-१३ चा. खाली येता येता समोरचा वारा कमी होत जातो आणि त्याच्याबरोबर पंखावरची हवाही. शांत दिवशी थ्रॉटल बंद करून तरंगत उतरवायची सवय लागलीय तुला, ती वाऱ्यात सोड. थोडी मोटार चालू ठेवून, नाक जरा खाली ठेवून, चाकं टेकायच्या बेतात आली की मग थ्रॉटल बंद. आडवा वारा असेल तर नाक थोडं वाऱ्याकडे ठेवून तिरकं येऊ दे, अगदी शेवटी रडरने, म्हणजे शेपटीच्या उभ्या फळीने, सरळ कर. नाही जुळलं तर थ्रॉटल देऊन पुन्हा फेरी. यात कमीपणा नाही.

मार्चपासून तुमच्याकडे वावटळी सुरू होतील. तापलेल्या रानातून हवेचा गोळा सुटतो तेव्हा आजूबाजूची हवा त्याच्याकडे ओढली जाते, म्हणून चालू वारा एकदम थांबला किंवा फिरला तर जवळपास काहीतरी उठतंय असं समज. घार पंख न हलवता गोल चढताना दिसली तर तो गोळा तिथंच. एक-दोन मिनिटं वर थांब, वारा पूर्वीच्या जागी आला की उतर. वळवाच्या ढगाशी मात्र असा खेळ नको. गडगडाट लांब ऐकू येत असतानाच त्याच्या पोटातली थंड हवा जमिनीवर पसरत कित्येक किलोमीटर पुढे येते. उकडतंय, वारा पडलाय, क्षितिज काळं आहे, असं दिसलं की विमान लगेच खाली. ढग डोक्यावर यायची वाट बघायची नाही.

सईच्या विमानातल्या जायरोबद्दल, म्हणजे विमान आपोआप सावरणाऱ्या यंत्राबद्दल, विचारलंस. चांगला आहे, राहू दे. पण तो झोत परस्पर पचवतो, त्यामुळे वारा किती आहे ते तिच्या बोटांना कळतच नाही. शांत सकाळी तो बंद करून उडवायला लाव. तिचा हात तुझ्यापेक्षा हलका आहे, हे तुला माहीत आहेच.

महाशिवरात्रीला येतोय. येताना ९ बाय ६ चे जादा प्रोपेलर आणि एक पातळ कापडाचा विंड सॉक (वाऱ्याची दिशा दाखवणारी नळीसारखी पिशवी) आणतो. बांबू मात्र तू बघून ठेव, चार मीटरचा तरी हवा. पलीकडचं पडीक ज्यांचं आहे त्यांना आधी विचार, आणि निलगिरी तोडायचा विषय आबांपुढे काढू नकोस.

आबांना साष्टांग नमस्कार, वहिनींना नमस्कार, चि. सईला आशीर्वाद.

तुझा
रघू

ता. क. : रिमोटमधला टायमर आठ मिनिटांवर आहे ना? वाऱ्याच्या दिवशी सहावर आण.