मंद्यास पत्र: १२१ वेळा हरलेल्या टीमविषयी

शिकागो,
५ जानेवारी २०२६

प्रिय मंद्या,

मागे तू पोपचा तो टोपीवाला फोटो पाठवून विचारलं होतंस, ही तुझीच टीम ना रे, आणि एवढी हरते तर पोप काय करतोय तिथं. त्याचं उत्तर व्हॉट्सॅपवर मावत नव्हतं आणि फोनवर तू बोलूच देत नाहीस, दोन मिनिटात गाडी आयपीएलवर नेतोस, म्हणून हे लांबलचक पत्र, चहा घेऊन बस. हो, तीच टीम, शिकागो व्हाइट सॉक्स, बेसबॉलची. पोप लिओ इकडचाच, जन्म शिकागोचा, आणि २००५ च्या वर्ल्ड सिरीजच्या, म्हंजे इकडच्या फायनलच्या, पहिल्या मॅचला तो स्टेडियममध्ये होता, टीव्हीच्या जुन्या फुटेजमध्ये दिसतो सुद्धा. ती सिरीज आम्ही जिंकलो, ८८ वर्षांनी. त्यानंतर वीस वर्षं ठणठणाट.

आता तू म्हणशील 'आम्ही' कधीपासून. अरे मी इथे एमएसला आलो ते आयआयटीत, पवईची नाही रे, इलिनॉय इन्स्टिट्यूट, ३५ व्या रस्त्यावर. हायवेच्या अलीकडे कॉलेज आणि पलीकडे स्टेडियम. टीमने होम रन (आपला सिक्सर समज) मारला की स्कोअरबोर्डवरनं फटाके उडतात, ते होस्टेलच्या खोलीत ऐकू यायचे. पहिल्यांदा वाटलं कुणाची वरात आहे. मग काय, तिकीट स्वस्त, चालत जाता येतं, आणि आत एलोते मिळतं, म्हंजे मक्याचे दाणे, वर मेयो, चीज, लाल तिखट आणि लिंबू, तुझ्यासमोर ती बाई पातेल्यातनं दाणे काढते, तिखट जास्त टाक म्हटलं की हसते आणि खरंच जास्त टाकते. टीमने बांधून ठेवलं नसतं तरी त्या मक्याने ठेवलं असतं. शहरातले बाकीचे मराठी लोक बहुतेक कब्सवाले, म्हंजे शहरातल्या दुसऱ्या टीमचे, उत्तरेकडचे, जरा साजूक, ते मला बघून चुकचुकतात.

बरं मुद्द्यावर येतो. बेसबॉलचा सीझन म्हंजे १६२ मॅचेस, मार्चअखेर ते सप्टेंबरअखेर, जवळजवळ रोज. शंभर हरणारी टीम म्हंजे भिकार टीम. १९६२ ला न्यूयॉर्क मेट्स नवीनच निघाली होती, ती १२० हरली, आणि साठ वर्षं तो आकडा तसाच होता, त्याच्या पुढे कोण जाणार असं लोक धरून चालले होते. २०२४ ला आम्ही गेलो. ४१ जिंकल्या, १२१ हरलो. त्यात सलग २१ हरण्याची एक माळ, १० जुलै ते ५ ऑगस्ट. फटाक्यांचा खर्च तेवढा वाचला.

पण आकड्यांनी तुला चव कळायची नाही, एक मॅच सांगतो. २३ मे, बाल्टिमोरशी. शेवटची इनिंग, आपण ८-६ ने मागे, एक आउट, दोन जण बेसवर, म्हंजे एक बरा फटका आणि बरोबरी. आपल्या बेनिन्टेंडीने मारला तो सरळ वर गेला, सोपा झेल. असा झेल असला की अंपायर बॅट्समनला आधीच आउट देऊन टाकतो, नियमच आहे, म्हंजे तो बॉल पकडला काय आणि सोडला काय. आणि बाल्टिमोरच्या शॉर्टस्टॉपने (दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधला फील्डर) तो आरामात पकडलाही. पण दुसऱ्या बेसवरचा आपला व्हॉन परत फिरताना त्याच्या वाटेत आला असं अंपायरला वाटलं आणि त्याने व्हॉनलापण आउट दिलं. झालं, एका पडेल फटक्यावर दोन आउट, मॅच खलास. स्टेडियममध्ये पहिले काही सेकंद कुणाला कळेचना की संपलंय. बॅट्समन पेटीत उभा आहे, लोक खुर्चीवरून अर्धे उठलेत, आणि बाल्टिमोरवाले हात मिळवतायत. नशीब फुटकं ते कसं, तर असं.

आता भांडण. माझ्या ऑफिसात दोन सॉक्सवाले आहेत आणि दुपारचं जेवण म्हंजे त्यांची कुस्ती. एक साठीतले, ब्रिजपोर्टमध्येच वाढलेले, स्टेडियमच्या शेजारच्या गल्लीतले म्हण, त्यांचं म्हणणं चांगला प्लेयर विकायचाच नाही, आधी एक तरी माणूस दहा वर्षं ठेवून दाखवा मग बोला. दुसरा पंचविशीचा पोरगा, सगळं एक्सेलमध्ये, त्याचं म्हणणं हरायचंच आहे तर नीट हरा, जे विकण्यासारखं आहे ते आत्ताच विका आणि त्या बदल्यात एकोणीस-वीस वर्षांची पोरं आणा. मी मध्ये डबा उघडून बसतो, पण गप्प बसतो असं नाही.

क्रोशेचंच घे. गॅरेट क्रोशे, डावखुरा पिचर (आपला बोलर), त्या १२१ वाल्या टीममधला एकमेव माणूस ज्याला बघायला पैसे द्यावेत. डिसेंबर २०२४ मध्ये त्याला बॉस्टनला दिला आणि चार पोरं घेतली, टील, मायड्रॉथ, ब्रेडन मॉन्टगोमेरी आणि गोन्झालेझ. बॉस्टनने त्याच्याशी सहा वर्षांचं १७ कोटी डॉलर्सचं कॉन्ट्रॅक्ट केलं आणि त्याने २०२५ ला १८ मॅचेस जिंकून दिल्या, २५५ स्ट्राइकआउट, म्हंजे नुसत्या पिचिंगवर काढलेले बॅट्समन. म्हातारे चिडून लाल, बघा म्हणाले, आपण विकायचं आणि दुसऱ्याने दिवाळी करायची. पोरगा म्हणाला टील बघा ना, पहिल्याच वर्षी विकेटकीपिंग करून कसली बॅटिंग करतोय (कॅचर रे, तुझ्यासाठी कीपर म्हटलं).

माझं मत विचारशील तर ट्रेड बरोबरच होता. पण तो बरोबर का, तर आपला मालक त्याला १७ कोटी कधीच देणार नव्हता म्हणून. या टीमने आजवर कुणालाच दहा कोटींचं कॉन्ट्रॅक्ट दिलेलं नाही, सगळ्यात मोठं म्हंजे बेनिन्टेंडीचं साडेसात कोटींचं, आणि हे अमेरिकेतलं तिसऱ्या नंबरचं शहर आहे मंद्या, कुठलं आडगाव नाही. तिजोरीला कुलूप आहे हे एकदा धरून चाललं की मग सगळं विकणं शहाणपणाचंच दिसतं. त्या दोघांचं भांडण रोज तिथंच येऊन थांबतं आणि दोघांनाही ते दिसत नाही.

मालक म्हंजे जेरी रीन्सडॉर्फ. १९८१ पासून तोच, बास्केटबॉलची बुल्सपण त्याचीच, पुढच्या महिन्यात नव्वदीचा होईल. माणूस दुष्ट नाही, उलट त्याची अडचण अशी की तो माया फार लावतो, आणि टीम चालवण्याच्या ठिकाणी. १९८६ ला त्याने टोनी ला रुसा नावाच्या मॅनेजरला (आपला कोच समज) काढू दिलं, त्याची हळहळ त्याला जन्मभर राहिली. २०२० ला आमची पोरं एकदम तरणीबांड, प्लेऑफला पोचलेली, सगळं जुळून येतंय, आणि याने मॅनेजर बदलला आणि कुणाला आणावं, तर त्याच ला रुसाला, वय ७६, नऊ वर्षं डगआउटमध्ये बसलेला नाही. जुनी उधारी फेडायला आमची टीम वापरली. २०२१ ला ९३ जिंकलो तेव्हा वाटलं चला जमलं, ह्यूस्टनने पहिल्याच फेरीत घरी पाठवलं, पुढच्या वर्षी ८१-८१ आणि ला रुसा तब्येतीमुळे मध्येच थांबला. त्यानंतर घसरगुंडीच. मग २०२३ ला जुनी मॅनेजमेंट काढली तेव्हा आम्ही नाचलो अक्षरशः, आता बाहेरचा कुणीतरी हुशार माणूस येणार. नऊ दिवसात घरातल्याच क्रिस गेट्झला जनरल मॅनेजर केलं, म्हंजे खेळाडू घेणारा-विकणारा. बाहेर नीट शोधसुद्धा नाही.

त्यामुळे ऑगस्ट २०२४ ला मॅनेजर पेड्रो ग्रिफोलला काढलं तेव्हा पोरगा खूश झाला आणि मला हसू आलं. २८ जिंकून ८९ हरलेला माणूस, त्याची बाजू मी घेत नाही, पण चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात त्यातला प्रकार. त्याच्या जागी ग्रेडी साइझमोर आला आणि १३-३२ करून गेला. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार.

गेट्झचा मला खरा राग आहे तो त्या जुलैच्या तीन टीमच्या ट्रेडचा. फेडी आणि टॉमी फॅम सेंट लुइसला, मायकल कोपेक लॉस एंजेलिसला, आणि आपल्याला काय, तर मिगेल व्हार्गस आणि दोन लहान पोरं. सगळ्यांना माहीत होतं की आपण विकायला बसलोय, मग भाव पाडूनच मागणार ना लोक. कोपेक तीन महिन्यात चॅम्पियन टीममध्ये, आणि व्हार्गसची सॉक्सकडून त्या वर्षीची बॅटिंग सरासरी .१०४. दहातल्या नऊ वेळा माणूस मान खाली घालून परत. (२०२५ ला त्याने १६ होम रन मारून जरा इज्जत राखली, तो भाग वेगळा, पण सौदा करताना हे काय कुणाला दिसत होतं.)

आणि व्हॉनचं तर विचारूच नको. तोच, बाल्टिमोरच्या मॅचमधला. २०१९ च्या ड्राफ्टमध्ये (नव्या पोरांची निवड) तिसऱ्या नंबरला घेतलेला पोरगा, २०२५ ला आपल्याकडे .१८९, शेवटी जूनमध्ये मिलवॉकीला देऊन टाकला, इथून दीड तासावर. तिथे जुलैत पहिल्याच बॅटिंगला तीन रनांचा होम रन आणि पुढे .३०८. एकच माणूस रे, तेच हात, तीच बॅट. म्हातारे म्हणाले हे प्लेयर्सचं नाही, आपल्या कोचिंगचं सर्टिफिकेट आहे, आणि त्या दिवशी पोरग्याकडे एक्सेलमध्ये उत्तर नव्हतं.

२०२४ च्या सप्टेंबरचा शेवटचा आठवडा मात्र सांगायलाच पाहिजे. १२० झालेल्या, घरी तीन मॅचेस एंजल्सशी, लोक रेकॉर्ड बघायला तिकीट काढून आलेले. इतिहास घडणार म्हणून. पहिल्या मॅचला ०-२ मागे, लोक "टीम विका, टीम विका" ओरडतायत मालकाच्या नावाने, आणि आठव्या इनिंगला हे शहाणे तीन रन काढून जिंकले. काही लोकांनी चक्क हुर्यो केली. स्वतःच्या टीमला, जिंकली म्हणून! पुढच्या दोन्हीपण जिंकले. मग डेट्रॉइटला जाऊन शुक्रवारी १२१ वी हरले, आणि त्याच रात्री डेट्रॉइट प्लेऑफमध्ये गेली म्हणून त्यांची शॅम्पेन. आमचं दुःखसुद्धा दुसऱ्याच्या पार्टीत.

बरं एवढं हरून निदान ड्राफ्टमध्ये पहिला नंबर मिळावा की नाही? इकडे आयपीएलसारखा लिलाव नसतो, सगळ्यात भिकार टीमला पोरं निवडताना वरचा नंबर मिळायची संधी असते, लॉटरी काढून. पण नियम असा की मोठ्या शहरातल्या पैसेवाल्या टीमला लागोपाठ दोन वर्षं लॉटरीत बसता येत नाही. म्हंजे खर्च करताना आम्ही गरीब आणि ड्राफ्टच्या वेळी श्रीमंत. मिळाला दहावा नंबर. ते या डिसेंबरच्या लॉटरीत एकदाचं नशीब उघडलं, २०२६ ला पहिली निवड आपली.

२०२५ ला विल व्हेनेबल नवा मॅनेजर, ६०-१०२. हसू नकोस, १९ मॅचेस जास्त जिंकल्या. कोल्सन मॉन्टगोमेरी नावाचा शॉर्टस्टॉप जुलैत आला आणि ७१ मॅचेसमध्ये २१ होम रन. याच्यावरनंपण भांडण, कारण त्याला निवडला होता जुन्या मॅनेजमेंटने, हाकललेल्यांनी. तर श्रेय कुणाचं? पोरगा म्हणतो गेट्झने शेन स्मिथ आणला ना, मिलवॉकीने राखून न ठेवलेला पिचर एक लाख डॉलर्समध्ये उचलला आणि तो पहिल्याच वर्षी ऑल स्टार. ते मात्र मान्य, ती नजर होती.

आणि आता दोन आठवड्यांपूर्वी मुराकामी! मुनेताका मुराकामी, जपानचा, २०२२ ला तिकडे ५६ होम रन मारलेला, दोन वर्षं, ३ कोटी ४० लाख. बाकीच्या टीम घाबरल्या कारण त्याचे बॉल हुकतातपण खूप, बॅट फिरवतो आणि लागत नाही, इकडच्या वेगवान पिचिंगसमोर काय होईल सांगता येत नाही. म्हातारे म्हणतात दोन वर्षांनी चांगला निघाला तर विकणार आणि वाईट निघाला तर आपल्याच गळ्यात. पोरगा म्हणतो मग काय, विकायलाच तर घेतलाय. जेवणाच्या टेबलावर हल्ली लुइस रॉबर्टचं चाललंय, त्याचे २ कोटी या वर्षीचे मान्य केलेत, २०२३ ला ३८ होम रन मारणारा माणूस सारखा दुखापतीत, ठेवायचा की द्यायचा. मला विचारशील तर त्याला दोन वर्षांपूर्वी द्यायला हवा होता, आता जे देतील ते घ्यावं. तिजोरीची नवी किल्ली कुणाकडे जाणार तेही ठरलंय, जस्टिन इश्बिया नावाचा गुंतवणूकवाला, पण रीन्सडॉर्फ त्याला २०२९ ते २०३३ मध्ये कधीतरी विकू शकतो, हवं असेल तर. २०३३ ला आपण दोघं रिटायरमेंटच्या गप्पा मारत असू लेका.

असो. वहिनी म्हणत होत्या की मेमध्ये तुझं ऑफिसचं काम निघतंय इकडे. तारीख पक्की झाली की आधी मला कळव, मुराकामी आल्यामुळे तिकिटं महागली तर मला शिव्या नको देऊ. बसायला वरची बाजू घेऊ, स्वस्त आणि सगळं दिसतं, फक्त मेमध्येसुद्धा रात्री तळ्यावरनं गार वारं येतं, जॅकेट आण. आणि येताना भडंग आण, मागच्या वेळी आणलास तो नको, तो मऊ होता. काकूंना नमस्कार, छोटीला गोड पापा.

तुझाच,
पश्या

ता.क. म्हाताऱ्यांना सांगून ठेवलंय की मेमध्ये माझा मित्र येतोय, क्रिकेटवाला. ते म्हणाले त्याला सांग पाच दिवस खेळून ड्रॉ करणाऱ्यांनी आम्हाला हसू नये. उत्तर तयार ठेव.