विल्यम कूपर यांस कृतज्ञतापूर्वक

आदरणीय विल्यम कूपर आजोबा यांस,
सादर प्रणाम.

मी मेलबर्नमध्ये राहणारी, मूळ अलिबाग-रेवदंड्याकडच्या बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या यहुदी, घराण्यातली बाई. नाझींच्या अत्याचारांची झळ आम्हा शनवार तेल्यांच्या (शनिवारी घाणा बंद ठेवणारे तेली, म्हणून हे नाव) घाण्यापर्यंत पोहोचली नाही; कोकणाने आम्हांला शतकानुशतके सुखाने नांदू दिले. तरीही ६ डिसेंबर १९३८ या दिवसासाठी आपले ऋण मानल्यावाचून मला राहवत नाही. जर्मनीत यहुद्यांची दुकाने फोडून प्रार्थनालये जाळली गेल्याला महिनाही उलटला नव्हता, तोच आपल्या ऑस्ट्रेलियन ॲबोरिजिन्स लीगचे, म्हणजे तिथल्या आदिवासींच्या संघटनेचे, शिष्टमंडळ निषेधाचा ठराव घेऊन मेलबर्नच्या जर्मन वाणिज्य दूतावासावर गेले. वाणिज्य दूताने भेट नाकारली, तेव्हा मंडळी पत्र तिथे ठेवून परतली.

आमच्या समाजात आपले नाव निघते ते बहुधा या एका दिवसापुरतेच, आणि ते मला खटकते. सरकारी वसाहतीत राहणाऱ्या आदिवासी वृद्धाला निवृत्तिवेतन मिळत नसे, म्हणून सत्तरी ओलांडल्यावर मरे नदीकाठची कमेरागंजा ही वसाहत आणि तिथले आपल्या योर्टा योर्टा जमातीचे गणगोत सोडून आपण मेलबर्नच्या फूट्सक्रे या उपनगरात बिऱ्हाड केलेत आणि तिथून मंत्र्यांना, वृत्तपत्रांना पत्रांमागून पत्रे धाडलीत. ज्या ब्रिटिश साम्राज्यासाठी आपला मुलगा डॅनियल १९१७ मध्ये बेल्जियममध्ये धारातीर्थी पडला, त्याच्याच राजाच्या नावे आपण १,८१४ सह्यांचा अर्ज तयार केलात. आमचा वंश नामशेष होऊ देऊ नका, आमचा प्रतिनिधी संसदेत घ्या, एवढेच मागणे (आणि तेही किती अदबीने!). ऑस्ट्रेलियाच्या मंत्रिमंडळाने १९३८ च्या आरंभी तो अर्ज लंडनला पाठवायचाच नाही असे ठरवले. म्हणजे बंद दाराचा अनुभव आपल्या माणसांना त्या डिसेंबरात नवा नव्हता. तो घरच्याच सरकारने आधी दिला होता. स्वतःचे गाऱ्हाणे असे धूळ खात पडलेले असताना परक्यांसाठी दुसरे पत्र लिहायला बसणे मला जमले असते, असे वाटत नाही.

म्हणून हे आभार त्या ठरावाइतकेच त्या अर्जासाठीही आहेत. संघीय संसदेत पहिले आदिवासी सदस्य, नेव्हिल बोनर, पोहोचले ते १९७१ मध्ये, आपल्या निधनानंतर तीस वर्षांनी. तेही पक्षाच्या वतीने, आपण मागितलेल्या जागेवर नव्हे. पुढे संसदेला केवळ सल्ला देणाऱ्या आदिवासी मंडळाचा प्रस्तावही २०२३ च्या सार्वमतात फेटाळला गेला. माझे मत 'होय' होते.

आपली नम्र,
एक मेलबर्नकर बेने इस्रायल