अजून तीन वर्षं इथेच राहतेय

प्रिय आई, बाबा,

फोनवर आईचा आवाज ऐकला की माझं निम्मं बोलायचं राहतं, म्हणून लिहितेय. प्रोजेक्ट वाढवून मिळाला आणि मी हो म्हटलंय, सहीपण झाली. म्हणजे अजून तीन वर्षं जर्मनीतच. आई, लगेच रडायला लागू नकोस गं, दिवाळीला येतेय, तिकीट काढलंय, आणि इथे माझे काहीच हाल नाहीत, हीटर आहे, कुकर आहे, तुझं मेतकूट अजून पुरतंय, लॅबमधून उशिरा आले तरी गरम वरणभात लावते.

बाबा, मी का थांबतेय ते तुमच्याच गोळ्यांवरून सांगते. लघवीला जळजळ झाली की तुम्ही मेडिकलमधून सिप्रो हे अँटिबायोटिक आणता, दोन दिवसांत बरं वाटलं की उरलेली स्ट्रिप टीव्हीखालच्या ड्रॉवरमध्ये. जंतूमधलं गायरेज नावाचं एन्झाइम डीएनए कापून पीळ सोडवतं आणि परत जोडतं, सिप्रो ते जोडूच देत नाही. मग तुटक्या डीएनएवर रेकए प्रोटीन चढतं, आणि एरवी दुरुस्तीचे जीन्स दाबून बसलेला लेक्सए नावाचा प्रोटीन स्वतःच तुटतो. जीन्स उघडतात, त्यातलं एक एन्झाइम डीएनएची कशीबशी कॉपी काढतं, भरपूर चुका करतं, आणि त्यातली एखादी चूक जंतूला सिप्रो पचवायला शिकवते. २००५ साली अमेरिकेत उंदरांवर दाखवलंय, लेक्सए तुटूच दिला नाही तर ई. कोलाय या जंतूला हा रेझिस्टन्स, म्हणजे औषधाला न जुमानण्याची ताकद, आणता येत नाही.

पण आयसीयूत व्हेंटिलेटरवरच्या पेशंटना गाठणारा माझा जंतू, असिनेटोबॅक्टर, त्याच्याकडे लेक्सए नाहीच! तिथे उमुडी-एबी आणि डीडीआर-आर अशी प्रोटीन्सची वेगळीच जोडी ते जीन्स दाबते. ती नेमकी कशी सुटते यावरच माझं काम चाललंय, आणि हे अर्धवट टाकून यायला मन होत नाही. तुमच्यापेक्षा काम मोठं असं नाही हं बाबा, प्लीज तसं मनात आणू नका.

मला ताप आला की तुम्ही रात्रभर मिठाच्या पाण्याच्या पट्ट्या ठेवायचात, मी झोपले तरी उठायचा नाहीत. इथे साधी कणकण आली तरी कपाळाला तुमचाच हात हवासा वाटतो.

आता ऐका. ड्रॉवरमधल्या गोळ्या घ्यायच्या नाहीत. जळजळ झाली तर आधी डॉक्टरकडे, आणि पहिली गोळी पोटात जायच्या आत युरिन कल्चरला सॅम्पल द्यायचं. डॉक्टर सांगतील तितके दिवस घ्यायची, मधेच बंद नाही. प्रोस्टेटची सोनोग्राफी याच महिन्यात. ओरडत नाहीये, पण आई, तू सोबत जा, एकटे गेले तर ते डॉक्टरांना अर्धंच सांगतील. रिपोर्ट आला की लगेच मला पाठवा, मी जागीच असते.

तुमची,
छकुली